चिंबोरीची फळी

माझ्या सुनेच्या मांजराला स्वतःचं कपाट आहे. ऐरोलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये माणसांना कपडे ठेवायला जागा पुरत नाही, माझ्या चांगल्या साड्या अजून पलंगाखालच्या बॅगेत आहेत, आणि मांजराला मात्र हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी, काचेच्या दाराचं कपाट. वरच्या खणात खाण्याचे डबे, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. मधल्या खणात ब्रश, नखं कापायची कात्री, टॉवेल, औषधं. खाली वाळूच्या पिशव्या. घरी कोणी आलं की श्रुती ते कपाट उघडून दाखवते आणि आलेल्या बायका "किती छान ठेवलंयस गं" म्हणून कौतुक करतात. मी आत चहा टाकता टाकता ऐकते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. श्रुती गुणी पोरगी आहे, मांजरही बिचारं गरीब आहे, त्यांच्यावर माझा काही राग नाही. राग त्या काचेवर आहे. आतलं सगळं दिसावं म्हणून मुद्दाम काच! आमच्या घरात एका मुक्या जनावराचं सामान कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून मी काय काय केलं, ते या पोरीला सांगायला बसले की तिला वाटतं सासूबाई गंमत सांगताहेत. गंमत नव्हती ती. म्हणून लिहून ठेवते आहे.

आम्ही मूळचे कराव्याचे. घराच्या मागे खाडी, पुढे अंगण, आणि अंगणात सदा काहीतरी वाळत पडलेलं. आमची कुत्री चिंबोरी त्या अंगणातच लहानाची मोठी झाली. पिल्लू असताना तिच्या मागच्या पायावर होडीची फळी पडली, तेव्हापासून ती तिरकी चालायची. समोर बघायची आणि बाजूला सरकायची. आईनेच तिला पहिल्यांदा चिंबोरी, म्हणजे खेकडी, म्हटलं आणि तेच नाव पडलं. गावात तिचं सामान असं काही नव्हतं. पायरीशेजारी एक पोचे आलेली जर्मनची थाळी, झोपायला गोणपाट, आणि आई मासळी कापायला बसली की डोकी आणि शेपट्या तिच्या. कुत्र्याचं सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न कराव्यात कुणाच्या डोक्यातही आला नसता. आपल्या चपला कुठे ठेवायच्या हासुद्धा तिथे कुणाला पडलेला प्रश्न नव्हता.

मग काकांमध्ये आणि बाबांमध्ये घराची वाटणी झाली आणि बाबांनी नेरूळला फ्लॅट घेतला. बाबा बेलापूरला सरकारी ऑफिसात कारकून होते. ऑफिसातल्या माणसांनी आपल्याला गावचा समजू नये, ही त्यांना मोठी काळजी. फ्लॅटमध्ये गेल्या गेल्या त्यांनी घरात कायदेच सुरू केले. 'हाय' म्हणायचं नाही, 'आहे' म्हणायचं. 'पानी' म्हणायचं नाही. गॅलरीत सुकी मासळी वाळत घालायची नाही, सोसायटीत वास जातो. मोठ्याने हाक मारायची नाही. आई बिचारी 'आहे, आहे' करत फिरायची आणि एकटी असली की भिंतीला सांगितल्यासारखी म्हणायची, "हाय गो बाय, सगला हाय." मी तेव्हा दहावीला बसायच्या वयाची. मला फ्लॅट आवडला होता, खोटं कशाला सांगू. नळाला पाणी होतं आणि फरशी गुळगुळीत होती. पण चिंबोरीला गावाला ठेवायचं असं बाबा म्हणाले तेव्हा मी जेवण सोडलं. आईनेही सोडलं. बाबांना स्वतः भात टाकता येत नव्हता, म्हणून ते वाकले.

वाकले, पण त्यांच्या पद्धतीने. त्यांनी मला पॅसेजमध्ये नेलं. तिथे भिंतीत एक कपाट होतं, त्याला दार नव्हतं, पडदा होता. त्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बघ नंदा. खालची फळी तिची. त्या फळीवर मावेल तेवढंच तिचं सामान. बाहेर एक चिंधी जरी मला दिसली, तर दुसऱ्या दिवशी कुत्री गेली. पुन्हा रडायचं नाही." हे त्यांनी इतक्या शुद्ध भाषेत सांगितलं की मला वाटलं ऑफिसातलेच कोणी साहेब आले आहेत. मी हो म्हटलं. त्या वयात दुसरं काय म्हणणार? आज कुणी माझ्याशी असं बोलून दाखवावं!

त्या दिवसापासून माझं निम्मं आयुष्य त्या फळीपुढे उकिडवं बसून गेलं. माझी शाळेची वह्यापुस्तकं कुठेही लोळत असत, पण चिंबोरीची फळी बघावी तर देव्हाऱ्यासारखी. थाळी धुऊन, पुसून, कोरडी करून भिंतीला उभी लावायची, म्हणजे जागा कमी लागते. गोणपाट सकाळी गॅलरीत झटकायचं, घट्ट गुंडाळायचं आणि मागे सारायचं. तिला बांधायचा दोर म्हणजे जुन्या जाळ्याचा दोर होता, तो नीट वेटोळं करून थाळीच्या आत. पिसवांची पावडर मी आईच्या रिकाम्या पावडरच्या डब्यात भरली होती, म्हणजे कुणी पाहिलंच तर बायकांचंच काही आहे असं वाटावं. जखमेवर लावायचं करंजाचं तेल बाटलीत, बाटलीला बूच, बुचावर चिंधी, कारण त्या तेलाचा वास बाबांना दोन खोल्या पलीकडून यायचा. केस विंचरायची फणी कागदात. आणि सगळ्यांत पुढे जवळ्याचा डबा.

हा डबा म्हणजे सगळ्याचं मूळ, तेव्हा त्याचं नीट सांगते. आमच्याकडे पावसाळ्याआधी आगोट भरतात. चार महिने होड्या बंद, म्हणून सुके बोंबील, जवळा, सोडे, मसाला, सगळं उन्हात खडखडीत वाळवून डब्यांत भरून ठेवायचं. आईने बाबांचे सगळे कायदे पाळले, पण आगोट सोडली नाही. ऊन लागायला ती माल घेऊन कराव्याला जायची आणि भरलेले पत्र्याचे डबे फ्लॅटच्या माळ्यावर चढवायची. मी तिच्याबरोबर चिंबोरीची आगोट भरायला लागले. तिला भातात कालवून घालायला जवळाच लागायचा. आई मला खालचा, चुरा झालेला, रेती आलेला जवळा द्यायची. मी तो सुपात घेऊन बसायची. रेती पाखडायची, काड्या वेचायची, खवले काढायचे, पुन्हा उन्हात टाकायचा. डब्याच्या तळाला वर्तमानपत्र, त्यावर कडुलिंबाचा पाला, मग जवळा, वर फडकं आणि फडक्यावर झाकण गच्च. वासाचा एक कण बाहेर आला नाही पाहिजे, आला की कुत्री गेली. आई बघत बसायची आणि म्हणायची, "कुत्रीसाठी यवरा निवरतेस? आमाला कंदी दिलास का यवरा निवरून?" एवढा निवडून आम्हाला कधी दिलास, असा तिचा टोमणा. डबा उघडला की झाकण सुटताना टण्ण वाजायचं. तो आवाज आला की चिंबोरी घरात कुठेही असो, तिरकी तिरकी धावत यायची आणि समोर येऊन ताठ बसायची. हाक मारायची सोय नव्हती ना, म्हणून आमची हाक ही अशी.

बाबा ऑफिसातून आले की आधी पॅसेजमध्ये थांबायचे. बुटांची लेस सोडायचं निमित्त करून पडदा बाजूला सारायचे आणि नाक पुढे करून वास घ्यायचे. मी आतल्या खोलीत पुस्तक धरून बसलेली असायची. कधी फरशीवरचा एखादा केस उचलून ते मला दाखवायचे. नुसता दाखवायचे, काही बोलायचे नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी तो केस घेऊन कचऱ्यात टाकायची आणि ते हात धुवायला जायचे. आज इतक्या वर्षांनी आठवलं तरी माझ्या हाताच्या मुठी वळतात. अहो, घर कुणाचं होतं ते? एका कुत्रीला फळी देता आणि रोज तिची झडती घेता?

पण काही सापडत नव्हतं. मी सापडू देत नव्हते. तसंच चाललं असतं. मग दादाचं लग्न ठरायची वेळ आली. माझा मोठा भाऊ नुकता नोकरीला लागला होता आणि उरणकडची एक मुलगी आमच्याकडच्यांना पसंत पडली होती. आता मुलीकडचे घर बघायला येणार होते. बाबांनी आठवडाभर सगळ्यांचं डोकं खाल्लं. पडदे धुतले, पंखे पुसले, कांदेपोहे कसे करायचे हे आईला शिकवायला लागले. जिने जन्मभर जेवण केलं तिला! त्या दिवशी सकाळी मला त्यांनी फरसाण आणि थंड बाटल्या आणायला पिटाळलं. मी परत आले तर फळी रिकामी. थाळी नाही, दोर नाही, डबा नाही. नुसती पुसलेली फळी आणि तिच्यावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी.

"बाबा, तिचं सामान कुठाय?"

"माळ्यावर टाकलंय. पाहुणे बाथरूमला जाताना इथूनच जाणार. पडदा उडाला तर?"

"पण मी फळीवरच ठेवलं होतं ना. काही दिसत नव्हतं."

"आज फळीवरसुद्धा नको," बाबा म्हणाले आणि चिंबोरीला मागच्या गॅलरीत घालून त्यांनी कडी लावली. त्यांचाच नियम, त्यांनीच मोडला. आणि मोडून वर माझ्याकडे असं बघितलं की चूक माझीच.

पाहुणे आले. मुलीचे वडील गप्प गप्प होते, पण मुलीची आई म्हणजे उरणकडची ठसठशीत बाई, नाकात नथ, हातात भरगच्च बांगड्या, आवाज असा की तळमजल्यावर ऐकू जावा. बाबा तिच्याशी 'आपण बसावं, आपण घ्यावं' करत होते. तिने पोह्यांची बशी हातात घेतली, दोन घास खाल्ले आणि आईकडे वळून म्हणाली, "वहिनी, ह्ये राव दे. भाकरी नाय का? सुक्याचा कायतरी कर ना. लांबून आलू आमी." आईचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! त्या घरात तिला पहिल्यांदाच कुणी तिच्या हातचं मागितलं होतं. ती लगबगीने आत गेली, तांदळाचं पीठ काढलं, दादाला म्हणाली माळ्यावरून जवळ्याचा डबा दे. दादाने हाताला लागला तो डबा खाली दिला. सगळे डबे सारखेच, तेलाचे. चिंबोरीचा त्यांत नेऊन मिसळला होता कुणी? बाबांनी. आणि जवळाही आईला ओळखू आला नाही, कारण तो घरच्या जवळ्यापेक्षा स्वच्छ होता.

आईने झाकण काढलं. टण्ण. मागच्या गॅलरीतून चिंबोरीचा आवाज आला. भुंकणं नाही, ते आमच्याकडे तिला बंदच होतं. कुईं कुईं करत ती पंजे दारावर घासायला लागली. मी हॉलच्या दाराशी उभी होते, मला काही कळायच्या आत मुलीच्या आईने विचारलं, "कुत्रा हाय का तुमचे घरान?"

बाबा हसून म्हणाले, "छे छे. बाजूच्यांचं आहे."

बाजूच्यांचं. मी ते शब्द ऐकले आणि माझ्या कानांत गरम तेल पडल्यासारखं झालं. आई जवळ्याची चटणी परतत होती, कांदा, लसूण, आमसूल, घरभर वास, बाबांच्या कपाळावर घाम. ताटं वाढली. बाईने भाकरीचा तुकडा मोडून चटणीला लावला, तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, "आरं द्येवा! असा जवला मी माजे माहेराला पन नाय खाल्ला." बाबासुद्धा फुलले. आणि तेवढ्यात दार हलून हलून गॅलरीची कडी घसरली. चिंबोरी तिरकी धावत स्वयंपाकघरातून थेट हॉलमध्ये आली, बाईच्या ताटासमोर ताठ बसली आणि वाट बघायला लागली. तिचं काय चुकलं? तिचा डबा वाजला होता. तिला जेवायला बोलावलं होतं.

"बाजूच्यांचं..." बाबा पुन्हा सुरू झाले.

"नाय!" मी ओरडले. 'नाही' नाही, 'नाय'. "आमची हाय ती. चिंबोरी नाव हाय तिचा. आनि तो जवला पन तिचाच हाय. बाबांनी तिचा डबा माल्यावर टाकला, म्हनून तुमच्या ताटान आला."

आईने पदर तोंडाला लावला. दादा माझ्याकडे असा बघत होता की आता हिला गिळू की काय. मग ती बाई जी हसायला लागली, ती थांबेचना. नथ हलत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. "आगो बाय! कुत्रीचा यवरा चांगला, तं मानसांचा कसा आसल! माजी पोर सुकान राहील गो हितं." तिने भाकरीचा मोठा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि चिंबोरीच्या पुढे धरला. तिचा नवराही हसला. आई हसली. बाबाही हसले, हो, त्यांचेही दात मी पाहिले. जाताना ती बाई सोयरीक पक्की करून गेली आणि जिन्यातून ओरडून म्हणाली, "चिंबोरीला जपा!"

मला वाटलं, सुटलो. आता पडदा काढून टाकू. दुसऱ्या दिवशी मी शिवणाच्या क्लासहून घरी आले तेव्हा चिंबोरी नव्हती. बाबांनी ऑफिसला दांडी मारून तिला ओळखीच्या एका टेम्पोवाल्याबरोबर लांबच्या कुठल्याशा गोदामावर राखणीला पाठवून दिलं होतं. बाबा खुर्चीत बसून पेपर वाचत होते. आईचे डोळे सुजले होते. ती माझ्यादेखत त्यांना म्हणाली, "पावनी हसली ना? सोयरीक झाली ना? मंग?"

"हसलीच ना," बाबा पेपरातून वर न बघता म्हणाले.

मी विचारलं, "तिचा डबा नेलात?"

"तिथे काय करायचाय डबा?"

सगळं सामान माळ्यावर तसंच होतं. थाळी, गोणपाट, पावडर, तेल. ज्या सामानापायी तिला हाकललं ते सामान घरात आणि ती बाहेर! मी कुठलं गोदाम ते विचारलं, भांडले, टेम्पोवाल्याच्या घरी जाऊन आले. तो म्हणाला, माल उतरवताना दोर सोडून पळाली, मग दिसली नाही. दोर तरी कसला, कुठलीतरी सुतळी बांधली असेल. मी सगळं सामान माळ्यावरून उतरवलं आणि त्या प्लास्टिकच्या फुलांची कुंडी खिडकीतून खाली टाकली. फळी पहिल्यासारखी लावली. माझं लग्न होईपर्यंत तिथे दुसरं काही ठेवू दिलं नाही. पावसाळ्यात आई आपला डबा उघडायची, झाकण वाजायचं, आणि आम्ही सगळे, बाबासुद्धा, गॅलरीच्या दाराकडे बघायचो.

हे मी विसरले नाही आणि माफही केलं नाही. लोक म्हणतात वय झालं की राग निवतो. कुणाचा निवत असेल. आई गेली, दादाकडे जागा पुरेना, म्हणून शेवटी बाबा माझ्याकडे ऐरोलीला आले. बरोबर एक बॅग. मी त्यांना आतली खोली दिली, अख्खं कपाट रिकामं करून दिलं आणि कामाला लागले. म्हातारपणी त्यांची शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली होती, कराव्यात बोलायचे तसेच बोलायला लागले होते. मला त्याचाही राग यायचा. आईला का नाही बोलू दिलंत मग?

मग माझ्या मुलाचं श्रुतीशी ठरलं आणि तिच्याकडचे घर बघायला येणार होते. पाहुणे यायच्या जरा आधी मी चादर बदलायला बाबांच्या खोलीत गेले. कपाट उघडलं तर वरचे सगळे खण रिकामे. खालच्या फळीला टॉवेल अडकवलेला, पडद्यासारखा. मी तो ओढला. मागे सगळं दाटीवाटीने लावलं होतं: कवळीची डबी, गुडघ्याचा पट्टा, मलम चिंधीत गुंडाळलेलं, मोठ्या माणसांचे लंगोट वर्तमानपत्रात, आणि लघवीचं भांडं, धुऊन, पुसून, भिंतीला उभं लावलेलं. असं लावलं होतं की एक चिंधी बाहेर दिसत नव्हती. आल्या दिवसापासून तसंच असणार. मीच कधी उघडून बघितलं नव्हतं.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला असं ठेवायला?" माझा आवाज चढला.

"कोनी नाय," बाबा पलंगावर बसून म्हणाले. "दिसाया नको."

"दिसलं तर काय होईल?"

ते खाली बघून म्हणाले, "तुला ठाव हाय."

माझं डोकं असं फिरलं की मला पुढचं मागचं सुचेना. मी फळीवरचं सगळं दोन्ही हातांनी ओढून काढलं, हॉलमध्ये नेलं आणि टीपॉयवर मांडलं, फुलदाणीच्या शेजारी. कवळीची डबी, पट्टा, मलम, सगळं. लंगोट वर्तमानपत्रातून काढून ठेवले. मुलगा "आई, अगं आई" करत मागे धावत होता. मी म्हटलं, याला कुणी हात लावायचा नाही. बाबा भिंतीला धरत धरत दारापर्यंत आले होते आणि रडत होते, मीही रडत होते, आणि मला त्यांना मारावंसं वाटत होतं. बेल वाजली.

"नंदे," बाबा म्हणाले, "पावनी आली."

"येऊ देत!" मी ओरडले, आणि ते भांडं हातात तसंच धरून दार उघडायला गेले.